फ्रोडो गेला कुठे?

प्रश्न: ताई, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे पहिले दोन भाग गेल्या चवथीच्या सुट्टीत वाचले, मग परीक्षा आली नि तिसरा तसाच राहिला. आता पाऊस लागलाय म्हणून 'द रिटर्न ऑफ द किंग' उघडलं तर कितीही पानं उलटली तरी हिरो फ्रोडोचा पत्ताच नाही! सिनेमात तर असं नव्हतं. मधलं सोडून डायरेक्ट त्याच्याकडे जाऊ का? आणि शेवटची परिशिष्टं वाचायलाच पाहिजेत? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: अजिबात उडी मारू नकोस गं! लेखक टॉल्किनने हे सगळं एकच पुस्तक म्हणून लिहिलेलं, आत सहा खंड, महायुद्धानंतर कागद महाग म्हणून प्रकाशकाने त्याचे तीन भाग केले. तुझ्या हातात पाचवा नि सहावा खंड आहे, आणि फ्रोडो नि त्याचा सोबती सॅम येतात ते सहाव्यात. सिनेमात इकडचं तिकडचं आलटून पालटून दाखवलंय, शेलॉब कोळीणसुद्धा तिसऱ्या भागात नेऊन ठेवलीय, पुस्तकात ती दुसऱ्याच्या शेवटी भेटते, म्हणून तुझा घोळ झाला.

पण त्यामुळे होतं काय की सिनेमा बघताना फ्रोडो जिवंत आहे हे आपल्याला सतत माहीत असतं. पुस्तकात पाचव्या खंडाच्या शेवटी शत्रू सॉरॉनच्या राज्याच्या काळ्या दरवाजापुढे त्याचा दूत येतो आणि एकेक वस्तू काढून दाखवतो, आधी सॅमची तलवार, मग राखाडी झगा, शेवटी फ्रोडोचं ते मिथ्रिल नावाच्या धातूचं चिलखत. फ्रोडोचा मित्र पिपिन किंचाळतो, आणि आपल्यालाही त्या क्षणी एवढंच ठाऊक असतं की फ्रोडो सॉरॉनच्या ऑर्क सैनिकांच्या तावडीत सापडलाय, पुढचं काही नाही. थिएटरात लागलेल्या सिनेमातून हा प्रसंगच कापलेला, नंतरच्या लांब आवृत्तीत तो घातला. १९५४ च्या नोव्हेंबरात दुसरा भाग वाचलेल्या लोकांनी तर तिसऱ्यासाठी १९५५ च्या ऑक्टोबरपर्यंत वाट बघितली, तुला नुसती पानंच उलटायचीत!

पहिल्यापासून परत वाचायची गरज नाही, दुसऱ्या भागाची शेवटची दोन प्रकरणं चाळ, बास.

आणि अंगठी नष्ट करायचं काम झालं की पुस्तक मिटू नकोस, अजून सहा प्रकरणं आहेत. हॉबिट, म्हणजे फ्रोडोच्या जातीचे बुटके लोक, घरी परततात तर त्यांच्या शायर मुलखाची वाट लागलेली, झाडं तोडलेली, भलतेच लोक हुकूम सोडतायत, आणि ते निस्तरायला जादूगार गँडाल्फ बरोबर नाही, यांनाच करायचंय. सिनेमाने हे सगळंच गाळलं. डोंगर कापलेले नि शेतं बुजवलेली बघत बसने पणजीला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे प्रकरण जरा जास्तच लागतं, माझ्या मते ते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात भारी आहे.

परिशिष्टं सगळी नकोत. लिप्या, कॅलेंडरं ज्याला आवड त्याने बघावीत. ॲरागॉर्न-आर्वेनची प्रेमकथा मात्र चुकवू नकोस, आणि तारीखवार यादी पण बघ, १३ मार्चला फ्रोडो पकडला जातो, १५ ला दुसरीकडे पेलेनॉरची मोठी लढाई, म्हणजे दोन्हीकडचं एकाच वेळी चाललेलं हे तिथे कळतं. पण कथा संपल्यावरच हां.

प्रश्न: राजा परत येणार हे नावातच सांगून टाकलं, मग वाचायचं कशाला? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: टॉल्किनचीही हीच तक्रार होती! त्याला 'द वॉर ऑफ द रिंग' हे नाव हवं होतं, प्रकाशकापुढे चाललं नाही. पण राजा येतो हे कळलं म्हणून कसा येतो ते थोडंच कळतं, वाचा मुकाट्याने. विकत घ्यायचं नसेल तर पणजीतल्या पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघा.