पायाचं नख पिवळं पडलंय, दवाखाना कधी गाठायचा?

भातलावणीला दिवसभर चिखलात असतो. अंगठ्याचं नख कडेने पिवळं, जाड झालंय, पण दुखत नाही. औषध घ्यावंच लागेल का? (खानापूर)

साखर नसेल, पायाचा रक्तपुरवठा चांगला असेल, तर घाई नाही. मात्र नखात बुरशी असेल तर ती आपोआप जात नाही, हळूहळू शेजारच्या नखांत शिरते. आधी ती बुरशीच आहे का, ते पाहा. अशा बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी नसतेच. घट्ट गमबुटाचा सततचा मार किंवा सोरायसिस (खवले धरणारा कातडीचा आजार) असतो. त्यासाठी नखाची केओएच तपासणी होते, म्हणजे नखाचा भुसा रसायनात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात. बिघडलेला भाग मागपर्यंत कापून, चांगलं नख जिथे सुरू होतं तिथला नखाखालचा भुसा खरवडून घ्यावा लागतो. नुसतं टोक कापून दिलं तर बुरशी असूनही रिपोर्ट ‘नाही’ असा येऊ शकतो. आधी काही औषध लावलं असेल तर तेही सांगा.

मेडिकलमधून आणलेलं मलम चार महिने लावतोय. काडीचाही फरक नाही. (निपाणी)

मलम जाड नखातून खाली उतरत नाही. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलंय का, बघा. ही स्टिरॉइडं आहेत. कातडीची लाली दबते आणि आत बुरशी फोफावते. असेल तर ते बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

निम्म्याहून कमी नख बिघडलं असेल आणि मूळ स्वच्छ असेल, तर अमोरोल्फिन ५ टक्के हे नखावर लावायचं औषध चालतं: नख कानशीने घासून आठवड्यातून एकदा, तेही कित्येक महिने. मुळापर्यंत गेलं असेल तर गोळ्या लागतात. बहुधा टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक, १२ आठवडे. आधी लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. चव गेली, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. त्याऐवजी इट्राकोनाझोल हे बुरशीचं दुसरं औषध दिलं जात असेल तर हृदयाचा त्रास आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यांची कल्पना आधीच द्या.

लोक फसतात ते यापुढे. १२ आठवडे संपले तरी नख तसंच दिसतं आणि ‘गुण आला नाही’ म्हणून दुसरं औषध सुरू होतं. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने जातात. म्हणून सुरुवातीलाच चांगल्या-खराब नखाच्या सीमेवर कानशीने हलकी खूण करा. खूण पुढे सरकली आणि तिच्यामागे स्वच्छ नख आलं, की औषध लागू पडलंय.

आईला साखर आहे. नखं जाड झालीत, ती ब्लेडने तासते. (येळ्ळूर)

ब्लेड आजच बंद करा आणि आईंना याच आठवड्यात दाखवा. साखरेने पाय बधिर होतो. जाड नख खालच्या कातडीत रुतून जखम होते आणि ती कळतही नाही. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून जंतू आत शिरतात. रोज रात्री उजेडात तुम्ही स्वतः त्यांचे पाय, बेचक्यांसकट, बघा. लाली, सूज, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना.

एकाच नखावर काळा उभा पट्टा आलाय, तीही बुरशीच का? (चिकोडी)

तसं गृहीत धरू नका. पट्टा नवा असेल, रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर तो कातडीचा कॅन्सरही असू शकतो. विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको. पट्टा त्यांना नीट दिसायला हवा.