वाचकांचे प्रश्न : प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती काय द्यावे?

प्रश्न : मी सोलापुरातील एका वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी गेल्या वर्षी आम्ही ६४ पानांची रंगीत माहितीपुस्तिका काढली, तरी ऑगस्टअखेरपर्यंत कार्यालयाच्या खिडकीपुढची रांग हटली नाही. रांगेतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे पुस्तिकेत होती. यंदा हे काम माझ्याकडे आले आहे. नेमका काय बदल करावा? (एक प्राध्यापिका, सोलापूर)

उत्तर : आपल्या पुस्तिकेत उत्तरे असतीलही, पण ती बहुधा महाविद्यालयाच्या सोयीने लावलेली असतील : आधी संस्थेचा इतिहास, मग शुभसंदेश, मग विभागांची नावे आणि शेवटी बारीक अक्षरांत शिष्यवृत्ती. मी प्रवेश समितीवर असताना केलेल्या पुस्तिकेची पहिली नऊ पाने शुभसंदेशांचीच होती, त्यामुळे हे दूषण मी आधी स्वतःला लावतो. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलाला संस्थेची स्थापना कधी झाली यापेक्षा आज कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा, हे कळायला हवे असते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी दोन दिवस कार्यालयाच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसावे आणि मुले विचारतात ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावेत. मग त्या प्रश्नांची मांडणी विषयवार न करता काळानुसार करावी : पहिल्या आठवड्यात लागणारे, पहिल्या दोन महिन्यांत लागणारे आणि परीक्षा अर्जाच्या वेळी लागणारे. तिन्ही भाग एकदम हाती देऊ नयेत. जून-जुलैत एटीकेटीचे (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीचे) नियम वाचणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

पहिल्या भागात शब्दांची ओळख हवी. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), पात्रता अर्ज, बोनाफाईड (महाविद्यालयात शिकत असल्याचा दाखला), मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) हे शब्द आपल्या अंगवळणी पडलेले असतात. मुलाला ते विचारायचीही लाज वाटते. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यामुळे थोरल्या भावंडांचा अनुभवही आता पुरेसा उपयोगी पडत नाही. क्रेडिट म्हणजे काय, हे व्याख्येने सांगण्यापेक्षा हिशेबाने सांगावे : तासिकेच्या विषयात एका क्रेडिटला सत्रभरात साधारण १५ तास आणि प्रात्यक्षिकात ३० तास. शेजारी आपल्याच महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याचे आठवड्याचे वेळापत्रक छापले की मेजर-मायनरचा गोंधळही बराचसा सुटतो.

सर्वाधिक जागा मात्र शिष्यवृत्तीला द्यावी, कारण येथे चूक झाली तर घरच्यांच्या खिशाला बसते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा अर्ज कसा भरावा याची चित्रे सगळेच छापतात. अडचण त्याआधीच, कागदांवरची नावे न जुळण्यापासून सुरू झालेली असते. बारावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी असते, कधी आईच्या किंवा वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक असतो, आणि मग एबीसी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा) क्रमांक काढतानाही तीच अडचण पुन्हा उभी राहते. दुसरी गोष्ट बँक खात्याची. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. दोन खाती असलेल्या मुलाने अर्जापूर्वीच बँकेत जाऊन कोणते खाते जोडले आहे याची खात्री करावी, हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून येईपर्यंत दिवस जातात, म्हणून ‘मुदतीपूर्वी अर्ज करा’ असे मोघम न लिहिता ‘दाखल्यासाठी याच आठवड्यात सेतू केंद्रात जा’ असे लिहावे.

एसटीच्या पासाची माहितीही विसरू नये. बारावीपर्यंत मोफत पासावर येणाऱ्या ग्रामीण मुलींना पदवीला आल्यावर ती सोय उरत नाही आणि विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो, हे कित्येकींना पहिल्याच दिवशी वाहकाकडून समजते. शिवाय आषाढीच्या सुमारास जिल्ह्यातील बहुतेक गाड्या पंढरपूरकडे वळतात. त्या दिवसांत परिचय कार्यक्रम ठेवून अनुपस्थितांची नावे लिहिणे हे कोणत्याही पुस्तिकेने भरून न येणारे नुकसान आहे.

शेवटी रूपाविषयी. ६४ पानांची पीडीएफ फोनवर कोणी उघडत नाही. एका विषयाला एक पान, त्यावर व्यक्तीचे नाव न देता पद, खोली क्रमांक आणि भेटीची वेळ, आणि खाली ‘ही माहिती अमुक तारखेला तपासली’ अशी नोंद असावी. तीच पाने सूचनाफलकावरही लावावीत. छापण्यापूर्वी मात्र गेल्या वर्षी ज्यांचे अर्ज परत आले अशा पाच-सहा मुलांकडून ती वाचून घ्यावीत. हुशार मुलांना ती नेहमीच सोपी वाटतात.

प्रश्न : आमच्याकडे अक्कलकोट भागातील कन्नड बोलणारी, शहराच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणारी आणि उर्दू माध्यमातून आलेली मुले आहेत. सर्व साहित्य चारही भाषांत काढावे काय? (एक ग्रंथपाल, सोलापूर)

उत्तर : काढू नये. मुलांना मराठी समजते. अर्जावरचा शब्द ज्या भाषेत आहे त्याच भाषेत तो ओळखता येणे त्यांना अधिक उपयोगाचे आहे, आणि भाषांतरित पान दुसऱ्या वर्षी अद्ययावत करायला कोणी सापडत नाही. अडचण पालकांची असते. शुल्क, सवलत, वसतिगृह आणि हजेरी या चार बाबींवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी आपापल्या घरच्या बोलीत तीन-तीन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करावे. यंत्रमागावर किंवा विड्या वळताना आई ते ऐकू शकते. छापील पान मात्र पिशवीतच राहते.

प्रश्न : आम्ही द्वितीय वर्षाचे विद्यार्थी नव्यांना मदत करण्यासाठी गट करीत आहोत. त्याला रॅगिंगचे स्वरूप येऊ नये म्हणून काय करावे? (एक विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, तेव्हा ‘गंमत केली’ हे उत्तर चालत नाही. गटाची नोंद प्राध्यापकांकडे करावी, भेटी महाविद्यालयाच्या वेळेत व उघड्या जागी घ्याव्यात, नव्यांकडून ओळख परेड किंवा पैसे घेऊ नयेत. एका ज्येष्ठाकडे पाच-सहापेक्षा अधिक नवे देऊ नयेत. आपल्या पहिल्याच पत्रकावर रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हे दोन क्रमांक छापावेत, ते आपल्याविरुद्धही वापरता येतील, हे नव्यांना सांगूनच गटाचे काम सुरू करावे.