आधी पोच दे

शहादा

चि. बाई,

अनेक आशीर्वाद.

तलाठी म्हणून धडगाव तालुक्यातला सजा (तुझ्याकडच्या गावांचा हलका) मिळाला म्हणून तुझ्या आईच्या जिवाला घोर लागलाय. लागू दे थोडे दिवस. पारोळ्यात बसून पाहिलं की सातपुडा आहे त्याहून उंच दिसतो. पण तू रुजू झाल्यावर फोनवर पहिला प्रश्न विचारलास तो बदलीचा, "नाना, तीन वर्षांनी खाली येता येतं ना?" म्हणून हे पत्र. फोनवर एवढं बोलणं झालं नसतं, शिवाय तुझी रेंज जात होती.

येता येतं. साधारण पदावधी 3 वर्षांचा, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. हे ज्या कायद्यात आहे तो 2005 चा. आपले लोक त्याला बदल्यांचा कायदा म्हणतात आणि बाहेरचे लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. कायदा एकच आहे, ज्याला जे सोयीचं ते नाव त्याने लावलं. पदावधीच्या कलमावर तासन्तास वाद घालणारे कर्मचारी मी भरपूर पाहिले. त्याच कायद्याचं कलम 10 कुणी आपणहून काढलेलं मात्र पाहिलं नाही. ते तू काढ. त्यात म्हटलंय की कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर 45 दिवसांत निर्णय व्हावा, विचारायचं असेल तर 3 महिन्यांत. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई.

मग दिरंगाई का थांबली नाही? लोक म्हणतात कर्मचारी आळशी आहेत, पैसे खातात. काही खातातही. पण मला विचारशील तर खरी मेख वेगळीच आहे. हे 7 दिवस, 45 दिवस मोजायचे कुठून? अर्ज आल्याच्या तारखेपासून. आणि अर्ज कागदोपत्री आलाच नाही तर? मोजणीच सुरू होत नाही. म्हणून फाईल दाबून ठेवणारा कारकून तसा कच्चा म्हणायचा. पक्का कारकून फाईल तयारच होऊ देत नाही. "साहेब मीटिंगला गेलेत", "हा कागद कमी आहे", "सकाय ये", म्हणजे उद्या ये. माणूस आला, दिवसाची मजुरी बुडवून बसला, परत गेला. दप्तरात तो कुठेच नाही.

2015 चा लोकसेवा हक्क कायदा आला तेव्हा मला आनंद झाला तो यासाठी. ठरलेल्या सेवेच्या अर्जाला तारखेची पोच द्यायची, अर्जाचा क्रमांक द्यायचा, मुदत सांगायची, नाकारलं तर कारण लेखी द्यायचं आणि अपील कुणाकडे तेही लिहायचं. 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची रक्कम पाहून कुणी हसेल, पण आपल्या खात्यात पैशापेक्षा सेवापुस्तकातल्या नोंदीची भीती जास्त असते. तरीही अपिलं फार होत नाहीत. ज्या टेबलाविरुद्ध अपील करायचं त्याच टेबलावर पुढच्या महिन्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभं राहायचं असतं, हे गावातल्या माणसाला सेवा हक्क आयोगापेक्षा चांगलं कळतं.

तुझ्या कामापुरतं सांगायचं तर त्याही आधीचा एक नियम आहे. जमीन महसूल संहिता 1966, कलम 149. वारसाने, खरेदीने, कशानेही जमिनीत हक्क मिळाला की त्या माणसाने 3 महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, तोंडी किंवा लेखी. आणि तलाठ्याने त्याला ताबडतोब लेखी पोच द्यायची. नीट बघ: तो तोंडी सांगू शकतो, तुला मात्र लिहूनच द्यावं लागतं. ज्याने हे कलम लिहिलं त्याला गाव माहीत होतं. आता तुझ्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण हे कलम तसंच आहे. उद्या एखादी म्हातारी "आमना बुढा गया" एवढंच म्हणत चावडीत आली तरी ती वर्दीच झाली, म्हणजे तिने कळवलंच. तिच्याकडे अर्ज टाईप केलेला नाही, स्टॅम्प नाही म्हणून तिला परत पाठवायचा अधिकार तुला नाही.

आता तू म्हणशील, नाना, तुमचा जमाना गेला, सगळं ऑनलाइन आहे, ई-फेरफार आहे, क्रमांक आपोआप पडतो. खरं आहे, आणि चांगलंच आहे. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, त्यासाठी आमच्या काळात लोक चावडीच्या ओट्यावर दिवस काढायचे. पण नवी पद्धत आली की जुनी सवय तिच्यात घर करतेच. पूर्वीचं "सकाय ये" आता "सर्व्हर डाऊन आहे" झालंय. तो खरंच डाऊन असतो, मी नाही म्हणत नाही, आणि तुझ्या डोंगरात तर टॉवरच नसतो. अशा वेळी कागदावर अर्ज घे, आवक क्रमांक टाक, तारीख टाक, सही कर, पोच हातात दे. रेंजमध्ये आलीस की भर. नेटवर्क नाही ही तुझी अडचण, अर्जदाराची मुदत त्यात वाया जाता कामा नये.

दुसरा प्रकार मला जास्त डाचतो. मुदत संपायच्या आदल्या दिवशी अर्ज नामंजूर करायचा, कारण एकच: "कागदपत्रे अपूर्ण". कोणता कागद, ते लिहायचं नाही. जिल्ह्याच्या आढाव्यात टक्केवारी झकास दिसते, प्रलंबित शून्य. तो माणूस पुन्हा सेतू केंद्रात जातो, पुन्हा फी भरतो, त्याचा नवा क्रमांक पडतो आणि नवे दिवस सुरू होतात. यावर मंत्रालयात कुणाचं लक्ष जात नाही, कारण पडद्यावर सगळं हिरवं असतं. तू त्रुटी काढशील तेव्हा सगळ्या एकदम काढ आणि नाव घेऊन काढ: "मृत्यू दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं आहे, प्रतिज्ञापत्र जोडा." एक त्रुटी आज, दुसरी आठ दिवसांनी, हा छळ आहे.

वनहक्काचं जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या सजात निम्मं आयुष्य त्याच्यातच जाईल.

2006 चा कायदा, 2008 चे नियम, 2012 ची दुरुस्ती, एवढं तिन्ही एकत्र बांधून जवळ ठेव. 13 डिसेंबर 2005 ला जमीन कसत होता का, हा आदिवासी दावेदारासाठी मूळ प्रश्न. ते ठरवण्याची सुरुवात ग्रामसभा करते. दावा घेणं आणि त्याची पोच देणं हे वनहक्क समितीचं काम, ते समितीच्या माणसांना तू आठवण करून द्यायचं. स्थळ पडताळणीला महसूलचा आणि वनखात्याचा माणूस हजर हवा आणि त्याने नाव, हुद्दा, तारीख आणि शेरा लिहून सही करायची, हे 2012 पासून नियमातच आहे. ही सही घरी बसून करू नकोस. शेतात जा.

शेतात गेलीस की काय दिसेल ते सांगतो. म्हातारा घराच्या आढ्यातून प्लास्टिकची पिशवी काढेल. तिच्यात रेशनकार्ड, मतदार यादीचं पान आणि बहुधा वनखात्याच्या दंडाची एक पावती, घड्या पडून चार तुकडे झालेली, मध्ये भाताच्या शिताने चिकटवलेली. अतिक्रमण केलं म्हणून त्याला कधीतरी दंड झाला होता. ज्या पावतीने तेव्हा त्याला गुन्हेगार ठरवलं तीच आज त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. ती तिथेच उघड, तारीख वाच, फोटो काढ, शेऱ्यात लिही. तारीख पुसट असेल तर 'पुसट आहे' असं लिही, 'पुरावा नाही' असं लिहू नकोस. गावातल्या जाणत्या माणसाचा जबाबही पुरावा आहे. कुणी उपग्रहाचा नकाशा दाखवून म्हणेल की इथे 2005 साली झाडं दिसतात, विषय संपला. नियम म्हणतो तंत्रज्ञान इतर पुराव्याला जोड म्हणून वापरता येईल, त्याच्या जागी नाही. उतारावर तुकड्या-तुकड्यात पेरलेली नागली वरून काय दिसणार?

आणि दावा नामंजूर झाला तर कारण लेखी हवं, ते दावेदाराला पोचायला हवं, आणि ते कळल्यापासून अपिलाला 60 दिवस. इथेच सगळ्यात जास्त गडबड झाली आहे. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला तेव्हा सातपुड्यात हलकल्लोळ झाला. 28 फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो थांबवला आणि राज्यांना विचारलं की दावे नाकारताना प्रक्रिया कोणती पाळली, ते सांगा. तो प्रश्न शेवटी कुणाच्या दप्तरावर येऊन पडतो? तुझ्यासारखीच्या. दावेदाराला पत्र दिलं होतं का, त्याचा अंगठा आहे का, तारीख आहे का. पोच असेल तर दोघंही वाचतात, तोही आणि तूही.

एक गोष्ट कुठल्याच नियमात नाही. तुझी बोली अहिराणी, तिथली पावरी आणि भिली. सरकारी मराठी त्यांना परकी आणि तुलाही थोडी परकीच. 'सबब आपला दावा अमान्य करण्यात येत आहे' हे वाचून दाखवून अंगठा घेतलास तर कायद्याने पोच झाली, माणसाला काही पोचलं नाही. गावातला शिकलेला पोरगा किंवा अंगणवाडीताईला जवळ बसव, त्यांच्या बोलीत सांगायला लाव, आणि 'अमक्यामार्फत पावरी बोलीत समजावून सांगितले' एवढी ओळ खाली लिही. पेसा क्षेत्र आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा तिथे लागू आहे, ग्रामसभेला तिथे मान आहे, हे सारखं सांगावं लागू नये म्हणून लिहिलं.

जिवंत सातबारा मोहिमेचं काम तुझ्या आधीच्याने बरंच केलंय असं ऐकलं. ते नुसतं पुढे ओढू नकोस. 2025 च्या एप्रिलपासून राज्यभर मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायची घाई झाली, हेतू उत्तम होता, पण घाईत मुली गळतात. "बहिणींना नको आहे" असं भाऊ सांगतो आणि आपण लिहून मोकळे होतो. बहिणीला विचार. खाली तापीकाठी हिंदू वारसा कायदा लागतो, तिथे मुलीचा हक्क स्पष्ट आहे. वर अनुसूचित जमातींना तो कायदा कलम 2(2) प्रमाणे आपोआप लागत नाही, रूढी पाहावी लागते, म्हणून साचा वापरू नकोस, जबाब घे. वाद दिसला तर तू न्यायाधीश होऊ नकोस: नमुना 6-अ ला, म्हणजे वादाच्या नोंदवहीत, तक्रार नोंदव, हरकतदाराला पोच दे आणि पुढे पाठव.

माहिती अधिकाराचं थोडक्यात. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललं, आणि आता काही जण कुठलाही अर्ज आला की 'वैयक्तिक माहिती' असा शिक्का मारून मोकळे होतात. मला हा बदल आवडलेला नाही. पण जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम 8(2) अजून जागेवर आहे, आणि कलम 4 खाली जे आपणहून जाहीर करायचं तेही आहे. दुष्काळाच्या अनुदानाची यादी चावडीवर लावायची असते, ती कुणी मागेपर्यंत कपाटात ठेवायची नसते.

चावडीत एक जण आपोआप तुला मदत करू लागेल. सरकारी नोकर नसेल, पण त्याला सगळे नमुने तोंडपाठ असतील, तुझा लॉगिनही तोच वापरू पाहील. लाचलुचपतच्या सापळ्याच्या बातम्यांत 'खासगी पंटर' असा जो शब्द येतो तो हाच. तुझा पासवर्ड, डिजिटल सहीची (डीएससीची) किल्ली आणि आवक नोंदवही या तीन वस्तू त्याच्या हाताला लागू देऊ नकोस. पहिल्या दोन सगळे सांभाळतात. तिसरी त्याला मिळाली की कुणाचा अर्ज आला आणि कुणाचा नाही हे तो ठरवतो, मग पहिल्या दोनांची त्याला गरज उरत नाही.

राहिलं वरच्यांचं. "अमक्याची नोंद आज घालून टाक, मागून बघू" असा फोन येईल. साहेबांचा येईल, साहेबांना ज्याचा आला त्याचाही येईल. भांडू नकोस. 1979 च्या वर्तणूक नियमांतच आहे की वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा, आणि तोंडी मिळाला तर लवकरात लवकर लेखी खात्री करून घ्यावी. दोन ओळी पुरतात: "आज सकाळी दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार गट क्रमांक अमुकची नोंद घेण्याबाबत लेखी आदेश व्हावेत, ही विनंती." आवक-जावकला क्रमांक टाकून पाठव. चांगला अधिकारी असेल तर लेखी देईल. नसेल तर तो विषय पुन्हा काढणार नाही, चार महिने तुझ्याशी तुटक बोलेल, आणि तेवढं सहन करावं लागेल.

या महिन्यात बाकी काही जमलं नाही तरी मागच्या वर्षीची आवक नोंदवही आणि तुझ्या टेबलावरचे गठ्ठे समोरासमोर ठेवून बघ. जे कागद गठ्ठ्यात आहेत पण नोंदवहीत नाहीत त्यांची यादी कर, त्यांना आजची नाही, अर्जावर असलेली तारीख लिहून घे, आणि ती यादी मंडळ अधिकाऱ्यांना सादर कर. त्यात अडलं तर फोन कर. सकाळी सातच्या आत कर, नंतर मी मळ्यात असतो.

तुझा,
नाना