टायफून येणार कळल्यावर जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून का थांबत नाहीत?

थांबतातही, पण त्यात धोका असतो. नुसत्या नांगराच्या वजनावर जहाज टिकत नाही. तळावर आडवी पडलेली साखळी असते म्हणून नांगर चिखलात रुतून राहतो. वाऱ्याने जहाज रेटलं की साखळी उचलली जाते, नांगर उपटतो आणि जहाज घसरायला लागतं. ४ सप्टेंबर २०१८ ला जेबी टायफूनमध्ये ओसाकाच्या उपसागरात ‘होउन मारू’ टँकर असाच घसरत समुद्रातल्या बेटावरच्या कान्साई विमानतळाला किनाऱ्याशी जोडणाऱ्या पुलावर आदळला. हजारो लोक विमानतळावर अडकले (धावपट्टीवर पाणी होतंच). त्यानंतर जपानने नियम कडक केले. आता मोठ्या जहाजांना आधीच उपसागराबाहेर जायला सांगतात. थांबायचंच असेल तर साखळी भरपूर सोडायची, इंजिन तयार ठेवायचं आणि मुख्य म्हणजे गर्दीत उभं राहायचं नाही. शेजाऱ्याचा नांगर सुटला तरी आदळणार तुमच्यावरच.