चार फुटी खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये तीन-चार रॅस (समुद्री माशांचं एक कूळ) एकत्र राहतील का?

राहतील. पण भाऊ, तुमची अडचण नव्या माशांची नाही, आत बसलेल्या जुन्या माशाची आहे. तुम्ही लिहिलंय की टँक अडीचशे लिटरचा, वर्षभर चालू, घर जळगावात, आत दोन क्लाऊनफिश आणि एक सिक्स-लाईन रॅस. आता फेअरी, फ्लॅशर, लेपर्ड अशा वेगवेगळ्या गटांतले तीन-चार रॅस आणायचेत. आधी तो सिक्स-लाईन काढा. असतो बोटाएवढाच, पण खडकातल्या सगळ्या फटी त्याने एकदा आपल्या नावावर केल्या की मागून आलेल्या रॅसला तो जगू देत नाही. दिवसभर पाठलाग, शेपटी कुरतडणं. नवा मासा वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा राहतो, खाणं सोडतो आणि शेवटी बाहेर उडी मारतो. दुकानदार म्हणेल, होईल सवय. बहुतेक वेळा होत नाही.

जाळीने तो हाती लागणार नाही, उगाच सगळा लाइव्ह रॉक (टँकमधला समुद्री खडक) उपसावा लागेल. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, तळाला थोडं मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) टाका आणि बाटली त्याच्या ठरलेल्या वाटेवर आडवी ठेवा. त्याला आदल्या दिवशी उपाशी ठेवलंत तर लवकर शिरतो.

आता कोणाशी कोणाचं जमतं. ढोबळ हिशोब असा, की ज्यांचा आकार, रंग आणि खाण्याची पद्धत सारखी त्यांचं भांडण होतं. म्हणून एकेका गटातला एकेक घ्या. एक फेअरी, एक फ्लॅशर, वाळूत झोपणारा एक पिवळा किंवा मेलानुरस रॅस, आणि टँक खरंच मुरलेला असेल तर एक लेपर्ड. एकाच जातीचे दोन नर नकोत. बहुतेक रॅस आधी मादी असतात आणि गटातली वरचढ मादी पुढे नर होते. त्यामुळे लहान माद्या घेतल्या तर स्वस्तही पडतात आणि रंग चढताना घरीच बघायला मिळतो. क्लीनर रॅस मात्र दुकानात कितीही गोड नाचला तरी घेऊ नका. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी हेच त्याचं जेवण, घरच्या टँकमध्ये बहुतेक उपाशी मरतो.

लेपर्डबद्दल जरा सविस्तर, कारण त्याच्यावर पैसे वाया गेलेले खूप बघितलेत. त्याला बारीक वाळू लागते, निदान दोन-तीन इंच. भरड कोरल चुरा असेल तर तोंड आणि अंग खरचटतं. टँकचा दिवा बंद व्हायच्या थोडं आधी तो एका ठरावीक जागेवर घिरट्या घालतो, तोंड खाली करतो आणि एका झटक्यात आत. वर फक्त वाळूचा धुरळा. सकाळी आधी नाक दिसतं, मग एक डोळा, मग बराच वेळ तसाच अंदाज घेत बसतो. नवा आणलेला लेपर्ड काही दिवस वरच येत नाही. तेव्हा वाळू उकरून शोधू नका, मेला नसेल तर त्या उकरण्याने मरेल. घेताना पोट बघा. आत ओढलेलं असेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. क्वारंटाइनच्या टबात (नवा मासा आधी वेगळा ठेवतो तिथे) वाळूचा एक प्लॅस्टिकचा डबा ठेवा आणि परजीवींवरचं तांब्याचं औषध लेपर्डला फार जपून द्या.

फेअरी आणि फ्लॅशर वाळूत जात नाहीत, खडकाच्या फटीत चिकट कोष विणून झोपतात. पण उडी मारण्यात सगळे एका माळेचे मणी. म्हणून टँकला झाकण पाहिजेच, आणि आपल्या खानदेशात खरा प्रश्न इथे येतो. मुंबई-पुण्याचे लोक काच सुचवतील. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा काच लावली की वाफ कोंडते आणि पाणी तापतं. तुम्हाला पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचंय. पाव इंची छिद्रांची नायलॉन जाळी ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ताणून घ्या. खिडक्यांची कामं करणारा कोणीही करून देईल, फक्त लोखंडी स्क्रू नकोत. पाइप जातो तिथली फट बुजवा, मासा नेमका तिथूनच निघतो. जाळीवर तिरका पंखा सोडा. आपली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाचा गारवा इथे मुंबईपेक्षा जास्त मिळतो. त्याच खोलीत कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर हवा दमट होऊन पंख्याचा उपयोग कमी होतो. तरीही भर मे महिन्यात एकट्या पंख्यावर भागेलच असं नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत असेल तर घ्याच.

पाणी भराभर उडतं, मीठ मागे राहतं. रोजची भर फक्त आरओच्या गोड पाण्याने घाला, बोअरच्या जड पाण्याने नाही. सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा, विशिष्ट घनतेत मोजलेला) १.०२५ च्या आसपास राहिली पाहिजे. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) ठेवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

सोडण्याचा क्रम: आधी फ्लॅशर आणि लेपर्ड, मग फेअरी, शेवटी मेलानुरस किंवा पिवळा. प्रत्येकाला काही दिवस टँकमध्येच छिद्रांच्या पारदर्शक डब्यात ठेवा, म्हणजे बाकीच्यांचा राग डब्यावर निघतो. रोज दोन-तीन वेळा थोडं थोडं खायला द्या, भुकेले रॅस जास्त भांडतात.

आणि मासे मुंबईहून मागवणार असाल तर दिवाळी ते होळीच्या मध्ये मागवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला पिशवीतलं पाणी स्टेशनावरून घरी येईपर्यंतच तापतं. तोवर सिक्स-लाईनसाठी छोटा टँक असलेलं गिऱ्हाईक शोधा. एकटा ठेवला तर मासा उत्तम आहे, बारीक किडे वेचून खातो.