अमेरिकेत सगळेच बाहेरून आलेले, मग तिथली स्वतःची अशी संस्कृती आहे का?

आहे की! पण 'सगळेच बाहेरून आले' हे आधी बाजूला ठेवा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर लेनापे हे मूळचे आदिवासी लोक राहत होते. तिथल्या ब्रॉडवे या रस्त्याचा बराचसा भाग त्यांच्याच जुन्या पायवाटेवरून जातो. 1620 च्या दशकात डचांनी तिथे बस्तान बसवलं, 1664 मध्ये इंग्रजांनी ते बळकावलं. आफ्रिकेतले लोक तर 'आले'च नाहीत, त्यांना गुलाम म्हणून आणलं. 1991 मध्ये मॅनहॅटनमध्ये एका सरकारी इमारतीसाठी खोदकाम चालू असताना त्यांची दफनभूमी लागली, चारशेच्या वर सांगाडे निघाले.

मी शेजारच्या न्यूजर्सीत राहतो, म्हणून न्यूयॉर्कचंच सांगतो. कोणाला आत घ्यायचं हे कायद्याने ठरवलं, आणि आत आलेल्यांचं पुढे काय झालं ते तिथल्या गल्ल्यांनी. 1892 ते 1954 या काळात न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरच्या तपासणी नाक्यावरून सुमारे 1.2 कोटी लोक आले. त्यातले कित्येक ज्यू आणि इटालियन मॅनहॅटनमधल्या लोअर ईस्ट साइड या वस्तीच्या कोंदट चाळींत राहिले, कपडे शिवून पोट भरू लागले. तिथल्याच एल्ड्रिज स्ट्रीटवर पूर्व युरोपातल्या ज्यूंनी 1887 मध्ये बांधलेलं भव्य सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आजही उभं आहे, पण आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या आता चिनी आहेत.

चिनी मजुरांना 1882 मध्येच बंदी झाली होती. 1917 मध्ये भारतासकट बहुतेक आशियाला दार बंद झालं, 1924 मध्ये पूर्व आणि दक्षिण युरोपच्या लोकांवरही कडक कोटा आला. कारखान्यांना माणसं तर हवीच होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जाचाला कंटाळलेले कृष्णवर्णीय पहिल्या महायुद्धापासूनच उत्तरेकडे येत होते, तो ओघ आता वाढला. मॅनहॅटनच्या उत्तरेकडच्या हार्लेम वस्तीतली घरं मुळात गोऱ्या मध्यमवर्गासाठी बांधलेली. वारेमाप बांधल्यामुळे रिकामी पडली आणि कृष्णवर्णीयांना मिळाली, तीही चढ्या भाड्याने. तिथलं जॅझ पुढे जगभर गेलं. त्याच हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टन हा कृष्णवर्णीय जॅझ वादक वाजवायचा, पण प्रेक्षकांत फक्त गोरे.

कोट्याची ती पद्धत 1965 च्या कायद्याने मोडली, त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा मोठा रेटा होता. मग आपले डॉक्टर, इंजिनिअर आले, क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला साड्यांची आणि सोन्याची दुकानं थाटली गेली. इथली आपली मंडळी 'आम्ही मेरिटवर आलो' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. 1946 पासून या कायद्यापर्यंत भारताचा कोटा वर्षाला जेमतेम 100 माणसांचा होता. मेरिट काय, तेव्हाही होतंच.