पाण्याचा मेसेज तासाभरात पसरतो, मग कचरा वेगळा करायची सवय का पसरत नाही?

बातमी एकाकडून कळली तरी पुरते, पण सवय उचलायला बहुधा ओळखीच्या एकाहून जास्त जणांनी ती आधी उचललेली दिसावी लागते. म्हणून ‘उद्या पाणी येणार नाही’ हा मेसेज सोलापूर शहरात जुळे सोलापूर भागातून साखर पेठेत लगेच पोचतो, आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचा मेसेज वाचूनही घरात बादली एकच राहते. नवी माहिती बहुधा जुजबी ओळखीतून येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांच्या २०१० च्या ऑनलाइन प्रयोगात वर्तन मात्र विखुरलेल्या जाळ्यापेक्षा एकमेकांशी घट्ट जोडलेल्या गटांत जास्त वेगानं पसरलं. तेव्हा शहरभर फॉरवर्ड करत बसू नका. एकच अपार्टमेंट धरा, चार दारांत दोन-दोन बादल्या दिसू द्या, घंटागाडी आली की सगळ्यांसमोर रिकाम्या करा आणि फोटो त्याच इमारतीच्या ग्रुपवर टाका. मात्र त्या प्रयोगात लोकांना आरोग्याच्या एका ऑनलाइन गटात फक्त नाव नोंदवायचं होतं. कचरा रोज वेगळा करावा लागतो. घंटागाडीत तो पुन्हा एकत्रच पडताना दिसला, तर शेजाऱ्यांचं बघून लागलेली सवयही सुटते.